सात दिवस गुणिले बावन्न

गरीब कोण हे ठरवायचं काम ज्यांनी माझ्यावर सोपवलं, त्यांच्या माझ्याकडून फार अपेक्षा नव्हत्या. मुलगी मॅट्रिक झालेली असावी, तिला इंग्रजी वाचता यावं, लोकांच्या स्वयंपाकघरात शिरताना तिला कुणी हटकू नये आणि तिचा रोज जीपच्या ड्रायव्हरच्या रोजापेक्षा कमी असावा. पनवेलीत त्या वर्षी या सगळ्या कसोट्यांना मी एकटीच उतरले. माझ्याबरोबर मॅट्रिक झालेल्या बाकी तिघींची लग्नं झाली होती आणि माझं जमत नव्हतं. का जमत नव्हतं, तर नाना म्हणायचे पत्रिका, आई म्हणायची रंग, आणि मी एकोणीस वर्षांची असल्यामुळे मला वाटायचं, बुद्धिमत्ता. पुढे सरकारच्या आकडेवारीच्या कचेरीत मी छत्तीस वर्षं काढली. त्या अनुभवावरून आज सांगते, तिन्ही कारणांना पुरावा अपुरा होता.

मला कामावर ठेवणारे गृहस्थ एका श्रीमंत आणि थंड देशातून आले होते. त्यांचं नाव पनवेलीत कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून सगळेच त्यांना प्रोफेसर म्हणू लागले. जगातल्या देशांना एका रांगेत उभं करून कोण कुणापेक्षा किती गरीब हे मोजायचं, असं त्यांचं काम होतं. रांगेच्या पुढच्या टोकाला त्यांचा स्वतःचा देश उभा आहे, हे आधीच ठरलेलं होतं. आमचा देश नेमका किती मागे, एवढंच बघायचं बाकी होतं. त्यासाठी अख्ख्या हिंदुस्थानातून जी मोजकी गावं निवडली, त्यांत पनवेल होतं. पुढे पुस्तकात त्यांनी कारण दिलं की हे गाव प्रातिनिधिक आहे. खरं कारण असं की मुंबईहून मोटारीनं सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचता येत होतं आणि इथल्या डाकबंगल्यात खुर्चीसारखा संडास होता. उत्तम माणूस होता तो, हे आधीच सांगून ठेवते. उन्हात टोपी काढून म्हाताऱ्यांना नमस्कार करायचा, लहान मुलांची नावं वहीत लिहून घेऊन पाठ करायचा. मुंबईहून आलेले त्याचे दोन कारकून घरोघरी जाऊन पुरुषांना विचारायचे, तुमच्या घरात महिन्याला डाळ किती लागते. पुरुष ऐटीत काहीतरी सांगायचे. आपल्या घरात डाळ किती लागते हे पनवेलीतल्या एकाही पुरुषाला ठाऊक नाही, हे प्रोफेसरांच्या लक्षात यायला आठवडा लागला. मग त्यांना मुलगी हवीशी झाली.

आम्ही राहायचो पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत. नाना पोस्टमास्तर. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, पुरेसं तिकीट लावणारी आणि न लावणारी. घराला पहाटेपासून आवाजच आवाज. पुढच्या दारी टपालावर शिक्के आपटत, मधल्या खोलीत तारेचं यंत्र कट्टकट्ट करत असे, मागच्या बाजूला बैलगाड्या बनवायचा कारखाना होता, तिथं चाकांवर लोखंडी धाव चढवायचे ठोके दुपारपर्यंत चालत. साडेआठला भाताच्या गिरणीचा भोंगा व्हायचा आणि आई त्या भोंग्याला भात उतरवायची. आईचा स्वयंपाक म्हणजे भात, आमटी, कांद्यावर परतलेला सुका जवळा, आणि रविवारी करंज्याहून कोळीण आली तर ओले बोंबील. जवळ्याचा वास दाराखालून पुढे काउंटरपर्यंत जायचा. मनीऑर्डर करायला आलेली माणसं नाक वर करून उभी राहिली की नाना मान खाली घालून फॉर्म वाचत बसायचे, जणू वास फॉर्मलाच येतोय. आम्ही गरीब की श्रीमंत, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नव्हता. महिनाअखेरीला जवळा संपायचा आणि एक तारखेला परत यायचा, एवढीच आमची अर्थव्यवस्था.

शिकाऊ म्हणून पहिली मोजणी आमच्याच घराची करायची ठरली. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, शिजवण्याआधी प्रत्येक जिन्नस काट्यावर घालायचा आणि तक्त्यात लिहायचा. तेव्हा किलो नुकते आले होते. आईचा सगळा हिशोब शेर-पायलीत, बाजाराचा हिशोब अर्धा इकडे अर्धा तिकडे, आणि प्रोफेसरांचा काटा तिसऱ्याच देशाचा. पहिल्या दिवशी मी पिठाचा डबा काट्यावर ठेवला तशी आई भिंतीकडे तोंड करून बसली. तिला वाटलं, पोरगी तिच्या हाताची तपासणी करायला आलीय. दुसऱ्या दिवशी तिनं घरात नसलेल्या गोष्टी शेजारून आणायला सुरुवात केली. मंगळवारी आमच्याकडे शिरा झाला. बुधवारी भरली वांगी आणि पुरी. गुरुवारी श्रीखंड. मी म्हटलं, "आई, अगं आपण हे कधी खातो?" ती म्हणाली, "साहेबाच्या देशात जाणार ना कागद? मग आपल्या घराची शोभा होऊ दे की." शनिवारपर्यंत नानांचं पोट बिघडलं. आमच्या घराचा आहार तक्त्यावर असा उठून दिसला की प्रोफेसरांनी तांबड्या पेन्सिलीनं शेजारी उद्गारचिन्ह काढलं.

प्रोफेसरांकडे आणखी एक यादी होती. सगळ्या देशांत तेच जिन्नस काय भावानं मिळतात ते पाहायचं आणि मग रुपया म्हणजे खरोखर किती ते ठरवायचं, अशी युक्ती. कागदावर युक्ती बिनतोड होती. यादीत लोणी, पावाची मोठी लादी, बैलाच्या मांसाचा अमुक एक तुकडा, पुरुषांचे चामडी बूट आणि घर गरम करायचा कोळसा असं सगळं होतं. त्या यादीतलं काहीतरी शोधत मी आणि जीपचा ड्रायव्हर मिरची गल्लीतून तीन दिवस फिरलो. कोळशापाशी अडलं, तेव्हा प्रोफेसर स्वतः नानांना विचारायला पोस्टात आले. थंडीत तुम्ही घर कसं गरम करता, असं त्यांनी विचारलं. नानांनी प्रश्न मनातल्या मनात फॉर्मसारखा दोनदा वाचला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "साहेब, खिडकी लावतो." प्रोफेसरांनी ते लिहून घेतलं. त्या रकान्यात पुढे शून्य पडलं. आम्ही ऊब या बाबतीत फारच मागासलेले निघालो.

मग गावातली घरं सुरू झाली, आणि आईनं जे केलं तेच सगळ्या पनवेलीनं केलं, हे मला दिसू लागलं. गरिबांच्या घरी काटा येणार म्हटल्यावर तूप यायचं. गाडीकारखान्यातल्या एका सुताराच्या विधवेनं त्या आठवड्यात दोनदा मटण केलं. उलट भातगिरणीचे शेठ मला पाहताच म्हणाले, "आमचं काय ताई, पिठलं-भाकरी." त्यांच्या घरून सातही दिवस पिठलं-भाकरीच काट्यावर आली. मी वाकून पिठलं मोजत असताना मागच्या माजघरातून साजूक तुपाचा आणि तळणीचा वास येत होता, पण वासाला तक्त्यात रकाना नव्हता. मिळकतीच्या प्रश्नाला शेठ म्हणाले, "तोटाच आहे." मी तोटा लिहिला. पनवेलीतली विषमता त्या आठवड्यात जवळजवळ नाहीशी झाली. इतकी समता मी पुढे आयुष्यात कुठे पाहिली नाही.

सगळ्यात शेवटी तालुक्यातल्या वाड्या. बाकीच्या कारकुनांकडे गेल्या, माझ्याकडे एक आली. कर्नाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, गोव्याच्या रस्त्यापासून आत मैलभर, कातकऱ्यांची वीस घरं होती. वीस घरं मोजायला वेळ नव्हता, म्हणून चिठ्ठ्या टाकून एक निवडलं. ते नागीचं निघालं. नागी तिशीची असेल. सडसडीत, हसताना तोंडावर हात धरणारी. नवरा वीटभट्टीवर गेलेला आणि चार-सहा दिवसांनी येऊन जायचा, तीन मुलं, आणि एक म्हातारी सासू, जी दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. नवऱ्याला धरून माणसं सहा. जीप मला सकाळी सोडायची आणि संध्याकाळी न्यायची. संध्याकाळचं रांधायचं नागी मला चारलाच काढून दाखवायची, आणि मी ते मोजून घ्यायची.

मार्गशीर्षाचे दिवस होते. भात कापून झाला होता. शेतात पडलेल्या लोंब्या वेचून नागीनं मडकं भरलं होतं. ओढे आटत आले होते, डोहांत मासे आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, अडकले होते. मुलं सकाळी जायची आणि टोपलीभर चिंबोऱ्या घेऊन यायची. रानातले कंद निघत होते. कडू कंदाच्या चकत्या नागी राखेत घोळून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बांधून ठेवायची, तेव्हा त्यातलं विष जायचं. चौथ्या दिवशी मोठ्या मुलानं मधाचं पोळं काढून आणलं. मी ते सगळं काट्यावर घातलं. चिंबोऱ्या पळायच्या, म्हातारी खिदळायची, आणि नागी म्हणायची, "बाय, धर गो, तुज्या सायबाचं धन पलतं." तिसऱ्या दिवसापासून तिनं मला जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी आणि चुलीत भाजलेली चिंबोरी. मी घरून डबा आणलेला असायचा, पण तो तिच्या मुलांनीच संपवला, आणि आईच्या जवळ्याला त्यांनी नाकं मुरडली. ताजं खाणारी माणसं, वाळलेलं कशाला आवडेल.

शेवटच्या दिवशी प्रोफेसर स्वतः आले. टोपी काढून म्हातारीसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी तक्त्यातला शेवटचा प्रश्न मला विचारायला सांगितला. मी विचारलं, "नागी, वर्षभर पोटभर जेवायला मिळतं का?" नागीनं माझ्याकडे पाहिलं, मग दारात बसलेल्या गोऱ्या पाहुण्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. "मिलतं," ती म्हणाली. दारी पाहुणा बसलेला असताना दुसरं काय सांगायचं असतं? माझ्या आईनंही तेच सांगितलं असतं, आणि वर शिरा केला असता. मी 'होय' लिहिलं.

परत येताना जीपमध्ये प्रोफेसर तक्ता चाळत होते. पळस्प्याच्या फाट्यापाशी त्यांनी विचारलं, "घरात एवढं अन्न आहे, तर ते धाकटं मूल इतकं बारीक कसं?" हा एकच प्रश्न त्यांच्या छापील यादीत नव्हता, आणि त्या सबंध मोजणीत विचारण्यासारखा तेवढाच होता. मी काय उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणाले, "या लोकांचं अंगच काटक असतं." कुणीही शिकवलेलं नसताना हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. प्रोफेसरांनी मान डोलावली. इथल्या मुलीनं सांगितलं म्हणजे तसंच असणार.

मग हिशोब. बाजारातून न आणलेल्या अन्नाला बाजारभाव लावायचा, असा नियम होता. मी इतक्या चोखपणे काम केलं की आठवलं की लाज वाटते. चिंबोऱ्यांचा भाव मासळीबाजारात विचारला. कंदाला भाव नव्हता, म्हणून सुरणाचा लावला. मधाला वैद्याच्या दुकानातल्या बाटलीचा भाव लावला, लाकूडफाट्याला वखारीचा. मग सात दिवसांच्या बेरजेला बावन्ननं गुणलं, म्हणजे वर्ष झालं, आणि सहानं भागलं, म्हणजे माणूस झाला. वर्षाचे बावन्न आठवडे मार्गशीर्षाचे नसतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आषाढात पनवेलीच्या रस्त्यांवर काम आणि दाणे मागत फिरणारी वाड्यांवरची माणसं मी एकोणीस वर्षं पाहत होते. पण गुणाकार करताना ते आठवलं नाही. गुणाकार बरोबर आला याचाच आनंद एवढा होता.

नागीचं घर माणशी आमच्या घरापेक्षा वर निघालं. श्रीखंड धरूनही. प्रोफेसरांनी ते आपल्या देशाच्या भावानं करून पाहिलं, आणि मग तर ते खुर्चीतून उठलेच. त्यांच्या देशात एवढ्या खेकड्यांचं जेवण म्हणजे रविवारी, पांढरं कापड घातलेल्या टेबलावर, तेही बरी नोकरी असेल तर. गरीब देश समजतो तितके गरीब नाहीत, हे त्यांना पनवेलीत सापडलं. त्यांनी डाकबंगल्यावर मला चहा दिला, नानखटाई दिली, आणि पुस्तकाच्या तळटिपेत माझं नाव घालीन म्हणाले. नानांनी त्या दिवशी पोस्टात येईल त्याला ते सांगितलं. तळटीप म्हणजे काय हे विचारणाऱ्यालाही सांगितलं.

तळटिपेच्या आधी त्या तक्त्याचा दुसरा उपयोग झाला. तालुक्याला एक विकास अधिकारी होते, सगळे त्यांना रावसाहेब म्हणायचे. परदेशातून मदतीचा गहू आणि दुधाची पावडर यायची होती आणि कोणत्या वाड्यांना द्यायची याची यादी त्यांना करायची होती. वाड्यांवर जायचं तर चिखल, जळवा आणि पायपीट. एवढ्यात आयता, इंग्रजीत टाइप केलेला, गोऱ्या माणसाची सही असलेला तक्ता हाती आला. रावसाहेबांनी सगळ्या वाड्या उतरत्या क्रमानं लावल्या, मध्ये पट्टी ठेवून एक रेघ मारली आणि रेघेखालच्यांना गहू मंजूर केला. नागीची वाडी रेघेच्या वर होती. चांगलीच वर.

हे मला आषाढात कळलं. पोस्टाच्या खिडकीतून मी पाहिलं, तर समोरच्या गोदामाच्या दारी वाटपाची रांग होती आणि नागी धाकट्याला कमरेवर घेऊन रांगेच्या बाहेर उभी होती. मला आधी ती ओळखू आली नाही. गालांची हाडं वर आली होती. मी गेले तशी ती हसली, पण तोंडावर हात धरला नाही. "तुमची वाडी यादीत नाय म्हंतो," ती म्हणाली. "बाय, तू शिकलेली, तू विचार." मी आत जाऊन विचारलं. कारकुनानं यादी दाखवली आणि यादीला टाचलेला माझा तक्ताही दाखवला. माझं अक्षर तेव्हा फार सुरेख होतं.

मी बाहेर आले. तिनंच विचारलं, "काय म्हंतो?" मी म्हटलं, "नागी, मार्गशीर्षात मी मोजलं ना, त्यात तुम्ही श्रीमंत निघालात." तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिला कळलं की थट्टा नाही. ती भांडली नाही. धाकट्याला दुसऱ्या कमरेवर घेतलं आणि म्हणाली, "तवा होतं त खाल्लं. आता नाय. आता कोन मोजतं?"

मी रावसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, तक्ता तुमचा, सही साहेबांची. मी कोण बदलणार?" मी म्हटलं, पुन्हा मोजते. ते म्हणाले, "मोजा की. हौस आहे तर मोजा." प्रोफेसरांचा काटा पेटीत बंद होऊन मुंबईला पार्सलनं जाण्यासाठी आमच्याच पडवीत पडून होता, कारण त्यांची मुंबईची कचेरी खर्चाची मंजुरी पाठवत नव्हती. नानांनी जन्मात कधी दुसऱ्याच्या पार्सलची गाठ सोडली नव्हती. मी त्यांना सगळं सांगितलं, जीपमधलं माझं वाक्यसुद्धा. मग त्यांनी कात्रीनं सुतळी कापली, पावतीबुकात 'काटा एक, तपासणीसाठी' असं लिहिलं आणि माझी सही घेतली. "आठ दिवसांत परत," ते म्हणाले.

रोज सकाळच्या एसटीनं मी कर्नाळ्याला उतरायची आणि गुडघाभर चिखलातून वाडीवर जायची. ओढा दुथडी भरलेला, त्यात कोण उतरणार? भट्टी बंद, नागीचा नवरा घरी, लावणीचं काम मिळालं तर चार दिवस, नाही तर नाही. पहिल्या दिवशी मूठभर नाचणी होती. दुसऱ्या दिवशी टाकळ्याचा पाला, मीठ घालून उकडलेला. तिसऱ्या दिवशी चार वाजता मी काटा लावून बसले आणि मोजायला काहीच आलं नाही. चूल पेटली नव्हती. मी तक्त्यावर तारीख घातली आणि पेन धरून बसून राहिले. नागी उठली, धाकट्याला उचललं आणि काट्याच्या पाटावर ठेवलं. "ह्याला मोज," ती म्हणाली. मी मोजलं. तीन वर्षांच्या मुलाचं वजन लिहायला त्या तक्त्यात रकाना नव्हता. 'इतर खाद्य' या रकान्याच्या खाली थोडी कोरी जागा होती, तिथं मी लिहिलं. ते मूल काटक नव्हतं. ते उपाशी होतं, आणि मार्गशीर्षातही आदल्या आषाढाचंच उपाशी होतं.

पाचव्या दिवशी मी पोचले तेव्हा दाराशी हाक आली नाही. म्हातारी पहाटे गेली होती. आपल्या वाट्याचं ती नातवंडांना देत होती, हे तक्त्यात कुठेच आलं नव्हतं, कारण आम्ही घर मोजत होतो आणि घरातल्या घरात कोण काय खातं हे मोजत नव्हतो. माणसं तिला घेऊन गेली. मी काटा पाठीशी सरकवून भिंतीला टेकून बसले आणि खूप रडले. परत निघताना नागी म्हणाली, "उद्या येशील ना?" सात दिवस पुरे झाल्याशिवाय कागद चालणार नाही, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं.

सातव्या दिवसाचा तक्ता घेऊन मी रावसाहेबांच्या टेबलाशी उभी राहिले. सोबत प्रोफेसरांना लिहिलेलं पत्र होतं, विमानटपालाच्या निळ्या पाकिटात, वर त्यांच्या देशाचं नाव मोठ्या अक्षरांत. तिकिटाचे पैसे नानांनी माझ्याकडून घेतले होते. रावसाहेबांनी तक्ता वाचला नाही, पाकीट वाचलं.

"यात काय लिहिलंय?"

"तक्ता कसा चुकला ते. आणि यादी कुणी कशी केली ते."

रावसाहेब खुर्चीत सरसावून बसले. इतक्या दिवसांत भुकेला जे जमलं नव्हतं ते निळ्या पाकिटानं केलं. त्यांनी तोड काढली. जुना आठवडा रद्द करता येणार नाही, तो साहेबाचा. नवा नाकारत नाही, तो तुमचा. दोन्हींची सरासरी घेऊ. आषाढ आणि मार्गशीर्ष यांची सरासरी काढली की माणूस बाराही महिने अर्धपोटी जेवतो असं निघतं, आणि सरकारला तसाच माणूस सोयीचा असतो. त्यांनी पेन्सिलीनं बेरीज केली, भागाकाराशी आले आणि थांबले.

"इथं माणसं सहा लिहिलीत. म्हातारी वारली ना त्यांची?"

"हो."

"मग पाचानं भागा. नियम आहे, आठवड्याच्या अखेरीस हजर असतील ती माणसं." त्यांनी कडेला भागून पाहिलं आणि भुवया उंचावल्या. पाचानं भागलं तर वाडी रेघेच्या जराशी वर राहत होती. सहानं भागलं तर खाली येत होती. म्हातारी मेल्यामुळे नागीचं घर कागदावर पुन्हा सावरलं होतं.

मी म्हटलं, "आठवड्याच्या अखेरीस सहा माणसं हजर होती."

रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे मला. मग ते पुन्हा पाकिटाकडे बघत राहिले. "तुम्ही मोजलंत, तुम्ही जबाबदार," ते म्हणाले आणि सहानं भागलं.

गहू पंधरा दिवसांनी वाडीवर पोचला. पावडरचं दूध मुलांना आधी पचलं नाही, जुलाब झाले, मग हळूहळू पचलं. धाकटा जगला. पत्र मी तरीही टाकलं, नव्या तक्त्याची नक्कल जोडून. उत्तर कार्तिकात आलं. हंगामी चढउतार हा फार रोचक प्रश्न आहे, पुढच्या आवृत्तीत त्याचा जरूर विचार करू, असं लिहिलं होतं. खाली हातानं जोडलं होतं की दोन्ही तक्त्यांत कुटुंबाची संख्या अगदी सारखी आहे, यावरून माझ्या नोंदी किती विश्वासार्ह आहेत ते दिसतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि तिच्या आधी मिळून मी जाणूनबुजून केलेली ती एकच खोटी नोंद.

पत्र घेऊन मी वाडीवर गेले. नागी भट्टीवर जायच्या तयारीत होती. मडकी एकात एक बसवून, वर गोधडी बांधत होती. मी तिला वाचून दाखवलं, तिच्या भाषेत करून. म्हातारी साहेबाच्या कागदात अजून आहे, सहांत तिची गणना होते, हेही सांगितलं. तिनं बांधता बांधता हात थांबवला.

"म्हंजे म्हातारी तिथं जेवते का गो?"

मी म्हटलं, "तसंच धरलंय."

तिनं गाठ ओढून घट्ट केली. "जेवू दे," ती म्हणाली. "तिथं तरी जेवू दे."